पावसाचा सामू, ओढ्याचा हिशेब

थंडीच्या दिवसांत आमच्या चौबे कॉलनीतल्या घराची गच्ची रोज झाडावी लागते. सुपलीत जमते ते बोटाला चिकटणारे, तेलकट, काळे पीठ. आई त्याला काजळी म्हणायची, कामाला येणाऱ्या बाई ‘काली डस्ट’ म्हणतात. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या तर वरून मलमलचे फडके ताणल्याशिवाय इथली मराठी बाई गच्चीवर पाऊल टाकत नाही. संध्याकाळी फडके झटकले की कोणत्या बाजूने वारा होता ते कळते. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे आहेत, स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, कोळसा आहे. त्यामुळे आमच्या शहरात हवेबद्दल बोलायचे तर सुरुवात काळ्या रंगापासून होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

त्याच घरात खाली नळ आहे. नळाचे पाणी गंगरेल धरणाचे. महानदीवरचे हे धरण धमतरीजवळ आहे, तिथून पाणी कालव्याने येते, खारुनच्या पात्रातून उचलले जाते आणि टाकीत चढते. धरणाच्या वर गेलात की नगरी-सिहावाचे डोंगर, सालाची आणि मिश्र पानझडीची जंगले, आणि महानदीचा उगम. म्हणजे आमच्या घराच्या डोक्यावर धुराडे आहे आणि पायाशी जंगल. आकाशातून जे पडते ते जंगलातून, पानांतून, पाचोळ्यातून, मुरमातून झिरपत ओढ्यात उतरते तेव्हा त्याचे काय होते, असा प्रश्न मला या दोन टोकांमुळे पडला. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, तरी वर्गात ‘आम्लवर्षा’ हा धडा मी ताजमहाल आणि संगमरवर यांच्यावरच आटोपत असे. जंगलाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, परीक्षेत एका गुणाला.

धड्यातली मोठी चूक आता दिसते. आम्ही मुलांना पावसाचा सामू शिकवला: शुद्ध पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू 5.6 च्या आसपास येतो, त्याखाली गेला तर आम्लवर्षा. देशातली बरीच चर्चाही याच आकड्याभोवती फिरते. पण जंगलाला पावसाच्या सामूशी थेट फारसे कर्तव्य नाही. जंगलाला कर्तव्य आहे ते जमिनीत किती आले आणि ओढ्यातून किती गेले याच्याशी. सामू ही क्षणाची नोंद आहे, तर जमीन म्हणजे खातेवही.

सुरुवातीचा इतिहास झटपट सांगतो. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुरात रॉबर्ट अँगस स्मिथने 1852 मध्ये पावसातले आम्ल मोजले आणि 1872 च्या ग्रंथात त्याला नाव दिले. मग जवळजवळ शंभर वर्षे कोणाला त्याची आठवण नव्हती. 1960 च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी दाखवले की स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांतले मासे ज्यामुळे मरत आहेत ते गंधक ब्रिटन आणि मध्य युरोपातून येते आहे. धुराडी उंच केली की आपल्या गावचा धूर जातो, तो दुसऱ्याच्या गावी उतरतो. 1979 मध्ये जिनिव्हात त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला.

खरी गंमत सुरू होते ती अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक या डोंगराळ जंगलात. 1963 मध्ये जीन लाइकन्स, हर्बर्ट बोरमन, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पियर्स या चौघांनी तिथे एक साधी युक्ती वापरली. डोंगरातल्या एका लहान ओढ्याचे पाणलोट क्षेत्र घ्यायचे. खालचा कातळ घट्ट, पाणी खाली मुरून पळून जाण्याची सोय नाही. ओढ्याच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला बांध घालायचा. आता या पाणलोटात येणारे सगळे आकाशातून येते आणि जाणारे जवळपास सगळे या खाचेतून जाते. वर पावसाच्या बाटल्या, खाली ओढ्याच्या बाटल्या, दर आठवड्याला. दोन्हींतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सल्फेट, नायट्रेट मोजायचे आणि वजाबाकी करायची. किराणा दुकानदाराला समजेल असा हिशेब.

आम्लवर्षा शोधायला ते गेलेच नव्हते. जंगलातले अन्नद्रव्यांचे चक्र समजून घ्यायचे होते. पण पहिल्याच वर्षांत गोळा केलेला पाऊस अपेक्षेपेक्षा कितीतरी आम्लधर्मी निघाला, काही नमुन्यांचा सामू चारच्या खाली. उद्योगांपासून शेकडो किलोमीटर दूरच्या जंगलात. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे तिथे बाटल्या भरणे थांबलेले नाही, आणि या चिकाटीतून जे कळले ते एखाद्या हुशार प्रयोगातून पाच वर्षांत कळले नसते.

कळले ते असे. मातीच्या कणांवर आणि कुजलेल्या पाचोळ्यावर ऋण विद्युतभार असतो. त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमचे धनभारित आयन चिकटून बसलेले असतात. झाडाची मुळे हीच उसनवारी करून जगतात. गंधकाम्ल आणि नत्राम्ल आले की त्यातला हायड्रोजन मातीवर जागा घेतो आणि कॅल्शियमला ढकलून देतो. ढकललेला कॅल्शियम एकटा जात नाही. सल्फेट किंवा नायट्रेट त्याचा हात धरून ओढ्यात नेतात. म्हणून सुरुवातीला ओढ्याचे पाणी चांगलेच दिसते, आम्ल मातीने शोषलेले असते. किंमत मात्र जमिनीने मोजलेली असते. साठा पुरेसा घटला की पाळी येते अॅल्युमिनियमची. तो एरवी खनिजांत निमूट बसलेला असतो. सामू पाचच्या खाली गेला की विरघळतो, मुळांची टोके जाळतो, माशांच्या कल्ल्यांवर बसतो. जर्मनीत बर्नहार्ड उल्रिख यांनी झोलिंगच्या जंगलात हीच साखळी मांडली होती.

1996 मध्ये लाइकन्स, चार्ल्स ड्रिस्कॉल आणि डोनाल्ड ब्यूसो यांनी एका शोधनिबंधात सांगितले की अमेरिकेत गंधकाचे उत्सर्जन कमी होऊनही हबर्ड ब्रुकचे ओढे सावरत नाहीत, कारण जमिनीतला कॅल्शियमच धुऊन गेला आहे. जंगलाची वाढ जवळजवळ थांबली होती. पुढे 1999 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेटच्या, म्हणजे वोलास्टोनाइटच्या गोळ्या टाकल्या. गेलेला कॅल्शियम परत केला, इतकेच. शुगर मेपलची झाडे सावरली, रेड स्प्रूसच्या पानांना थंडीची इजा कमी झाली. आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली: पहिली तीन वर्षे ओढ्याचे पाणी कमी झाले, कारण तरतरीत झाडे जास्त पाणी पिऊ लागली. कॅल्शियमच्या हिशेबाचा संबंध थेट नदीच्या पाण्याशी लागतो, हे मला या विषयातले सर्वांत चकित करणारे निरीक्षण वाटते. गंगरेलचे पाणी पिणाऱ्या माणसाला तर वाटलेच पाहिजे.

कॅल्शियमची चणचण किती दूरवर पोहोचते याचे एक उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तिथल्या आम्लधर्मी झालेल्या मातीत गोगलगायी कमी झाल्या. गोगलगाय शंखासाठी कॅल्शियम मातीतून घेते आणि रामगंगेच्या जातीचे पक्षी अंड्याच्या कवचासाठी गोगलगायी खातात. याप ग्रॅव्हलँड आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवले की या जंगलांत पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ, सच्छिद्र निघत होती. धुराड्यापासून घरट्यापर्यंत हा माग लागला.

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या पावसाबद्दलचे रूढ मत असे की आपल्याला आम्लवर्षेची भीती नाही, कारण आपल्याकडे धूळ आहे. हे मत हवेतून आलेले नाही, त्यामागे मोठे काम आहे, आणि त्यातले बरेच मराठी वाचकाच्या ओळखीच्या गावांतले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने जागतिक हवामान संघटनेच्या कार्यक्रमाखाली 1970 च्या दशकापासून दहा ठिकाणी पाऊस जमवला; त्यांत नागपूर आणि पुणे आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत एल. टी. खेमानी, पी. एस. पी. राव, जी. ए. मोमीन, पी. डी. सफई यांनी पुणे, सिंहगड, मुंबई परिसर अशा जागांचा पाऊस वर्षानुवर्षे तपासला. चेंबूरच्या खत-तेल कारखान्यांच्या पट्ट्यात आम्लधर्मी पाऊस सापडला. पुण्यात 1984 ते 2002 या काळात पाऊस अल्कधर्मीच राहिला, मात्र सल्फेट आणि नायट्रेट चढत गेले. सायलेंट व्हॅलीच्या जंगलात याच गटाने पाऊस आणि पानांतून गळणारे पाणी दोन्ही तपासले. तिथे समुद्राकडून येणाऱ्या स्वच्छ हवेत पाऊस थोडा आम्लाकडे झुकलेला होता. धूळ नसेल तर पावसाचा आधार जातो, इतके त्यातून दिसते.

धुळीचे गणित सोपे आहे. आपल्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट आहे, उन्हाळ्यात ती उडते, ढगांत आणि पावसात शिरते, आम्ल मारते. रायपूरभोवती तर हे दुप्पट खरे. छत्तीसगडचे मैदान चुनखडकावर पसरलेले आहे, म्हणून बलौदा बाजारकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. आमच्या गच्चीवर मी गेल्या जूनमध्ये काचेची बरणी ठेवून पहिला पाऊस धरला आणि शाळेतल्या सामूपट्टीवर तपासला. पट्टी हिरवी झाली, सात. शेजारी खूश झाले. बरणीच्या तळाशी मात्र बोटभर करडा गाळ होता, आणि तो न मोजता सातचा आकडा सांगणे म्हणजे उधारी न बघता गल्ला मोजणे.

हा दिलासा कुठे अपुरा पडतो ते पाहू. पहिली गोष्ट अंतराची. कॅल्शियमचे कण जाड असतात, ते उगमाजवळच खाली बसतात. सल्फर डायऑक्साइड वायू असतो. त्याचे सल्फेटच्या बारीक कणांत रूपांतर होते आणि ते कण शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे मैदानात औषध आणि विष एकत्र पडते, डोंगरात पोहोचेपर्यंत औषध कमी आणि विष तेवढेच असण्याची शक्यता. हिवाळ्यात आमच्याकडे वारा ईशान्य-उत्तरेकडून असतो, म्हणजे शहराकडून धमतरी-सिहावाच्या दिशेला. आणि सिहावाचे डोंगर चुनखडकाचे नाहीत, बस्तरच्या प्राचीन ग्रॅनाइट-नाइसचे आहेत. त्यांत कॅल्शियम मुळात कमी.

दुसरी गोष्ट काळाची. मृगाचा पाऊस धुळीने भरलेला असतो, पोळ्यापर्यंत हवा धुऊन निघालेली असते. भाद्रपदातल्या पावसात धूळ कमी, म्हणून सामूही खाली. वर्षाची सरासरी काढली की हा उतार दिसेनासा होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत दगाबाज. हवेत अमोनिया असेल तर तो गंधकाम्लाला भेटून अमोनियम सल्फेट होतो आणि पाऊस उदासीन दिसतो. युरियाच्या शेतांमुळे आणि जनावरांमुळे गंगेचे मैदान अमोनियाच्या बाबतीत जगातल्या सर्वांत ठळक प्रदेशांपैकी आहे, उपग्रहांच्या नकाशावर ते उठून दिसते. पण मातीत पडल्यावर जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल सुटते. नेदरलँड्सच्या निको व्हान ब्रेमेन यांनी 1982 मध्येच दाखवले होते की जवळपास उदासीन पाऊससुद्धा असा जंगलाची माती आंबवू शकतो. सामूपट्टी हिरवी, जमीन आंबट. हे वाचले तेव्हा माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यावर कोणीतरी पाणी ओतल्यासारखे वाटले.

नागपूरचेच घ्या. 2001 ते 2012 या काळातल्या हवामान विभागाच्या नोंदींत नागपूर, मोहनबारी, अलाहाबाद, विशाखापट्टणम आणि कोडाईकॅनल इथल्या पावसाचा सामू 4.77 ते 5.32 या पट्ट्यात होता. अनेक अभ्यासकांनी यावर शंका घेतली आहे: बाटली उघडी किती वेळ राहिली, नमुना किती दिवसांनी तपासला, कोरडी धूळ त्यात पडली का. शंका रास्त आहेत. माझे म्हणणे एवढेच की दोन्ही बाजू पावसाच्या बाटलीवर भांडत आहेत, आणि ओढ्याची बाटली कोणाच्याच हातात नाही.

मग छत्तीसगडच्या जंगलातल्या मातीत नेमके काय होते? इथला शेतकरी जमिनीची चार नावे सांगतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. उंचवट्यावरचा भाठा म्हणजे जांभ्याचा मुरूम, लालसर, भुकेलेला. उताराने खाली येत येत काळी जड कन्हार. मोल ठरते ते वरून खाली वाहून आलेल्या अन्नद्रव्यांवर, हे या चार शब्दांतच सांगून झाले आहे. जांभ्यासारख्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि ती सल्फेटला पकडून ठेवतात. म्हणून उत्तर अमेरिकेत जो परिणाम काही दशकांत ओढ्यात दिसला, तो इथे उशिरा दिसू शकतो. उशीर म्हणजे माफी मात्र नव्हे. पकडलेला सल्फेट पुढे सुटतोही. चीनमध्ये चोंगछिंगजवळच्या थिएशानपिंगच्या जंगलात नॉर्वे आणि चीनच्या अभ्यासकांनी असाच साठवणीचा खेळ पाहिला आहे.

झाडांचीही आपापली तिजोरी असते. ऐनाचे उदाहरण मला फार आवडते. छत्तीसगडीत त्याला साजा म्हणतात. त्याच्या सालीत कॅल्शियम इतका असतो की तिची राख पूर्वी चुन्याऐवजी पानाला लावत. म्हणजे तांबूल खाणाऱ्या माणसाला जंगलातले कॅल्शियमचे खाते कोणाच्या नावावर आहे हे आधीच ठाऊक होते! पानगळ झाली की हा कॅल्शियम पाचोळ्यातून वरच्या मातीत परततो, म्हणून ऐनाखालची आणि सालाखालची माती एकसारखी असण्याचे कारण नाही.

आपल्या पानझडीच्या जंगलाचे चक्र हबर्ड ब्रुकसारखे वर्षभर संथ चालत नाही, ते ढोलाच्या ठोक्यावर चालते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या जे. एस. सिंह, ए. एस. रघुवंशी आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ‘नेचर’मध्ये विंध्याच्या कोरड्या जंगलाचा अभ्यास छापला. उन्हाळ्यात, जेव्हा सगळे वाळून गेले असे वाटते, तेव्हा मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात नत्र आणि स्फुरद सर्वाधिक साठलेले असतात. पाऊस पडला, झाडांना पालवी फुटली, की सूक्ष्मजीवांची संख्या घटते आणि तो साठा नेमका गरजेच्या वेळी मोकळा होतो. गरीब जमिनीवर श्रीमंत जंगल उभे राहण्याचे हे गुपित. आता या वेळापत्रकात आपली भर बघा. ऑक्टोबर ते मे पाने, साली आणि पाचोळा यांच्यावर कोरडे सल्फेट, नायट्रेट, अमोनियम साचत राहते आणि पहिल्या दोन-तीन सरींत ते सगळे एकदम मातीत उतरते, म्हणजे नेमक्या त्याच पंधरवड्यात. त्या सरींत ओढ्याला जे पाणी येते ते तपासल्याशिवाय आपल्या जंगलाबद्दल काही बोलणे धाडसाचे आहे.

खात्यातून काढणारे आपणही आहोत. चैत्र-वैशाखात तेंदूपत्ता तोडला जातो; पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, म्हणजे पन्नास हजार पाने, आणि असे लाखो बोरे राज्यातून दरवर्षी बाहेर जातात. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. पोटॅशियम-कॅल्शियम राखेत मागे राहतो, नत्र मात्र धुरात जातो, आणि राख पहिल्या वळवाने उताराला लागते. सरपण, चराई, सालबिया. यातल्या प्रत्येक गोष्टीवर कुणाची तरी भाजी-भाकरी अवलंबून आहे, म्हणून ‘बंद करा’ म्हणणे सोपे आणि निरर्थक. पण धुराड्याचा हिशेब मांडताना हा खर्च वगळला तर हिशेब खोटा होईल. युरोपातल्या जंगलांत शतकानुशतके गोठ्यासाठी पाचोळा खरवडून नेल्यामुळे माती आधीच दुबळी झाली होती, आम्ल नंतर आले.

घाईने बोट दाखवण्याचे तोटेही इथे नोंदवले पाहिजेत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडलापासून बिलासपूरपर्यंत सालाची झाडे वाळू लागली तेव्हा नाना तर्क झाले. कारण निघाले सालबोरर नावाचा भुंगा. जर्मनीत 1981 च्या सुमारास ‘जंगल मरते आहे’ अशी जी हाकाटी झाली, तिच्यातले सर्वनाशाचे भाकीत खरे ठरले नाही. दुष्काळ, कीड, जुनी लागवड यांचाही वाटा होता. आम्ल एकटे क्वचितच मारते. ते झाडाची पत कमी करते, मग थंडी किंवा कीड वसुलीला येते.

भारतात असा ओढ्याचा हिशेब कुठे झालाच नाही असे नाही. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात मुळे होळे नावाचे सुमारे चार चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला भारत-फ्रान्स जलविज्ञान कक्ष 2003 पासून तिथे पाऊस, पानांतली गळ, माती, भूजल आणि ओढा मोजतो आहे. कोरडे पानझडीचे जंगल, ओढा वर्षातला बराच काळ कोरडा. आपल्याकडच्या परिस्थितीच्या बरेच जवळ. जाँ रियोत आणि सहकाऱ्यांनी तिथे दाखवले की ओढ्यात जे वाहते ते केवळ खडकाच्या झिजेतून आलेले नसते. पोटॅशियम आणि सिलिका आधी झाडातून फिरून, पानांवरून धुऊन आलेली असते. ओढ्याचे रसायन कातळाइतकेच जंगल ठरवते. दोन दशकांचे असे काम मध्य भारतात मात्र एकाही ओढ्यावर उभे राहिलेले माझ्या वाचनात नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात रायपूरची धूळ, काजळी आणि पाऊस यांवर चांगले काम झाले आहे, पण ते शहराच्या श्वासाचे काम आहे.

आणि धोरण तर दहा वर्षांत दोनदा वळले. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कोळशाच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची पहिल्यांदा मर्यादा घातली. 2017 ची मुदत पुढे ढकलत ढकलत नेली. 2021 मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडले. राजधानी परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत ते अ, अतिप्रदूषित पट्टे किंवा हवेचे निकष न पाळणारी शहरे यांच्या 10 किलोमीटरच्या आत ते ब, बाकी सगळे क. जुलै 2025 मध्ये क गटाला गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली, धुराड्याच्या उंचीची अट पाळली तर. देशातली सुमारे 78 टक्के केंद्रे या गटात येतात.

सूट देणाऱ्यांची बाजू फुकाची नाही. भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, राख मात्र तीस-चाळीस टक्के. शहरांत सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेखाली आहे. यंत्रणेला चुनखडी लागते, ती खणावी लागते, आणि अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण कोळसा कमी गंधकाचा असला तरी जाळतो किती! 2017 मध्ये उपग्रह-नोंदींवरून अभ्यासकांनी सांगितले की चीनने 2007 नंतर सल्फर डायऑक्साइड 75 टक्क्यांनी घटवला आणि भारताचा 50 टक्क्यांनी वाढला. मला खटकते ती मोजपट्टी. 10 किलोमीटरच्या वर्तुळात शहर आहे का, एवढेच ती विचारते. ग्रॅनाइटवरचे जंगल वर्तुळात आहे का, हे कोणत्याही गटात विचारलेले नाही. एकट्या एनटीपीसीच्या कोरबा केंद्राची क्षमता 2600 मेगावॉट आहे आणि भोवती हसदेवचे जंगल आहे. उंच धुराडे हा उपाय तर साठच्या दशकात ब्रिटनने करून पाहिला होता. त्याची पावती स्वीडनच्या तळ्यांत मिळाली.

या सगळ्यात एक पेच आहे. वीज केंद्रांतले आणि भट्ट्यांतले धूळ पकडणारे यंत्र दरवर्षी सुधारते आहे, रस्ते काँक्रीटचे होत आहेत, आणि आमच्या गच्चीवरची काजळी खरोखर कमी व्हावी अशी माझीही इच्छा आहे. फुप्फुसांसाठी ते हवेच. पण लार्स हेडिन, लाइकन्स आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये युरोप-अमेरिकेच्या जुन्या नोंदी काढून दाखवले की तिथे धूर स्वच्छ होताना गंधकाबरोबर धुळीतले कॅल्शियम-मॅग्नेशियमही झपाट्याने घटले, त्यामुळे गंधक कमी केल्याचा फायदा बराचसा वाया गेला. त्यांनी दोन्ही घटवले तरी असे झाले. आपण धूळ पकडणार आणि गंधक उंच धुराड्यातून सोडणार. म्हणजे ज्या धुळीच्या भरवशावर ‘आपल्याकडे आम्लवर्षा नाही’ म्हणतो, तीच आधी काढून घेणार.

याला लागणारी गोष्ट महागडी नाही. नगरीच्या वर, मुख्य रस्त्यापासून दूर, खाली घट्ट कातळ असलेला एखादा बारका नाला. तोंडाशी खाचेचा बांध. वर उघड्यावर एक आणि सालाखाली एक अशी पाऊस धरण्याची दोन भांडी. भांडे फक्त पावसातच उघडेल असे झाकण हवे, नाहीतर नागपूरच्या बाटलीवरचा वाद पुन्हा सुरू. जूनच्या पहिल्या सरींना दर तासाला बाटली, मग आठवड्याला एक. वनखात्याचा बीटगार्ड तसाही पर्जन्यमापकातला आकडा वहीत लिहीत असतो. त्याच वहीत आणखी दोन रकाने. पाच वर्षांत काही कळणार नाही. पंधराव्या वर्षी कॅल्शियमच्या रकान्यात उतार दिसू लागेल, किंवा दिसणार नाही.

माझी बरणी अजून गच्चीच्या कठड्यावर आहे. हस्ताच्या पावसात पुन्हा धरून पाहिले, पट्टी या वेळी हिरवी नव्हती, पिवळटाकडे झुकली होती. तळाशी गाळ जवळजवळ नव्हता.